जुनाट दिसावं म्हणून नवं बांधलेलं: थीम पार्कातलं थीमिंग नेमकं कुठे फसतं

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये ‘चेस्टर अँड हेस्टर्स डायनो-रामा’ नावाचा एक कोपरा होता. थीम पार्कच्या चाहत्यांना सगळ्यात वाईट थीमिंग कुठलं असं विचारलं की हे नाव पहिल्या चार-पाचांत यायचंच. आणि लगेच दुसरा कोणीतरी तितक्याच तावातावाने सांगायचा की अहो, ते मुद्दामच तसं केलंय, तुम्हाला त्यामागची गोष्ट कळलेली नाही. वीसेक वर्षं हा वाद चालला. दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, म्हणून तो मिटण्याचं नाव घेईना.

आधी थीमिंग म्हणजे काय ते बघू. पार्कच्या एका भागात उभं राहिल्यावर जे दिसतं, ऐकू येतं आणि पायाखाली लागतं, त्या सगळ्याने एकाच जागेची आणि एकाच काळाची साक्ष द्यायची. इमारती आणि राइड तर झाल्याच, पण फरशी, कचऱ्याचे डबे, दिव्यांचे खांब, कर्मचाऱ्यांचे कपडे, पाटीवरचं अक्षर, स्पीकरमधलं संगीतसुद्धा. यातलं एखादं जरी फितूर झालं तरी डोळ्याला ते खटकतं, मग नेमकं काय खटकलं ते सांगता येवो न येवो.

‘थीमिंग वाईट आहे’ या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात. थीम केलीच नाही, नुसतं रंगवलेलं लोखंड उभं केलं, ही एक. थीम आहे, पण ती काटकसर झाकायला शोधलेली सबब आहे, ही दुसरी. थीम चांगली, शेजार चुकला, ही तिसरी. आणि बांधली तेव्हा झकास होती, देखभालीत मेली, ही चौथी. एक जण पहिली तक्रार घेऊन भांडतो, समोरचा दुसरीला उत्तर देतो, आणि गाडी पुढे सरकत नाही.

डायनो-रामा दुसऱ्या प्रकारातला. त्याची गोष्ट खरं तर मजेशीर होती. डिग्ज काउंटी नावाचं काल्पनिक गाव. तिथे 1947 साली डायनासोरची हाडं सापडतात. शास्त्रज्ञ येतात, संस्था उभी राहते, मागोमाग पर्यटक येतात. गावात पेट्रोल पंप चालवणारं चेस्टर आणि हेस्टर हे जोडपं पंपाचं दुकान करून तिथे डायनासोरच्या वस्तू विकायला लागतं, आणि गर्दी वाढल्यावर पार्किंगच्या जागेत चार पाळणे टाकून जत्रा मांडतं. अमेरिकेतल्या हायवेच्या कडेला प्रवाशांचे खिसे हलके करायला उभ्या राहिलेल्या भडक करमणुकीची ही थट्टा. पाटीवरच्या हायवेचा क्रमांकही 498, म्हणजे पार्क उघडलं तो 1998 चा एप्रिल.

प्रत्यक्षात पाहुण्याला काय मिळालं? पायाखाली डांबर. त्यावर मुद्दाम पाडलेल्या भेगा आणि पार्किंगचे पांढरे पट्टे. 2001 मध्ये आलेला ‘ट्रायसेराटॉप स्पिन’ हा मधल्या खांबाभोवती वर-खाली फिरणारा पाळणा. डिस्नेच्या दुसऱ्या काही पार्कांत उडणाऱ्या हत्तींचा जो पाळणा आहे, त्याच्याच जातीचा. 2002 मध्ये आलेला ‘प्रायमीव्हल व्हर्ल’ म्हणजे रेव्हरशॉन या फ्रेंच कंपनीचा स्पिनिंग वाइल्ड माउस, अचानक वळणारे रुळ आणि स्वतःभोवती गरगरणारे डबे. तयार मॉडेल होतं ते. त्याच जातीचे रोलर कोस्टर कुठल्याही फिरत्या मेळ्यात दिसतात. भोवती डायनासोरची रंगीत सपाट कटआउट. शेजारी वेगळे पैसे मोजून खेळायचे बॉल फेकण्याचे स्टॉल. आणि फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात वर सावली जवळपास नाहीच.

आता त्याच पार्कातलं ‘हरांबे’ बघा. केनियाच्या लामू बेटावरून सुचलेलं पूर्व आफ्रिकेतलं काल्पनिक बंदर. तिथेही भिंतींचे पोपडे उडालेले, जाहिराती फिकट पडलेल्या, रस्ता उखडलेला. तेही मुद्दामच जुनाट, आणि त्याबद्दल सहसा कोणी कुरकुरत नाही. फरक मेहनतीचा. हरांबेची गवती छपरं शाकारायला दक्षिण आफ्रिकेतून झुलू कारागीर आणले होते. तिथे जुनेपण घडवायला कारागीर लागले; डायनो-रामात जुनेपणाच्या नावाखाली कारागीर वाचवले. थीमची गोष्ट दर वेळी नेमकी सगळ्यात स्वस्त पर्यायाकडेच बोट दाखवत असेल, तर ती गोष्ट नंतर लिहिलेली असण्याची शक्यता जास्त. चाहत्यांचा संशय तोच होता, आणि माझ्या मते रास्त होता. थट्टा म्हणून जत्रा मांडलीत तरी पाहुणा शेवटी जत्रेतच उभा असतो, आणि तिकीट त्याने थीम पार्कचं काढलेलं असतं.

प्रायमीव्हल व्हर्ल 2020 मध्ये कायमचा बंद झाला आणि नंतर मोडून काढला. उरलेला डायनो-रामा 2025 च्या जानेवारीत गेला. त्या जागेवर मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशाची थीम घेऊन नवा भाग बांधायला घेतला.

हीच सबब आख्ख्या पार्कभर वापरली तर काय होतं, त्याचा धडा कॅलिफोर्नियात आहे. 8 फेब्रुवारी 2001 ला अनाहाइममध्ये, डिस्नेलँडच्या जुन्या पार्किंगच्या जागेवर ‘डिस्नेज कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर’ उघडलं. आधी तिथे वेस्टकॉट नावाचा फार मोठा बेत होता. पण 1992 मध्ये पॅरिसजवळ उघडलेलं पार्क तोट्यात गेलं, कंपनीने हात आखडता घेतला आणि बेत गुंडाळला. त्याऐवजी ठरलं कॅलिफोर्नियाच्या थीमचं पार्क, तेही कॅलिफोर्नियातच. म्हणजे समुद्रकिनारा तासाभरावर असलेल्या माणसाला तिकीट काढून नकली समुद्रकिनारा.

त्यातला ‘हॉलिवूड पिक्चर्स बॅकलॉट’ म्हणजे सिनेमाचा सेट. सेटच्या इमारती मागून पोकळ असतात, तेव्हा इथेही दर्शनी भिंतीमागे टेकू आणि सांगाडे उघडे दिसले तरी ते थीममध्येच बसतं! ‘पॅराडाइज पिअर’ म्हणजे किनाऱ्यावरची करमणुकीची धक्का-जत्रा, त्यामुळे मोठा पाळणा, झोपाळे, वर फेकणारा मनोरा हे सगळं उघड्या लोखंडाचं असलं तरी चालतं. ‘मलहॉलंड मॅडनेस’ हा इथलाही वाइल्ड माउस होता. प्रवेशद्वाराशी टायटॅनियमचा भलामोठा सूर्य बसवला होता. पण त्याचं तोंड उत्तरेला, तेव्हा खऱ्या सूर्याचा उजेड त्याच्यावर पाडायला समोर फिरते आरसे लावावे लागले. हा सूर्य कागदावर फार देखणा दिसला असणार.

पहिल्या वर्षी साधारण 70 लाख लोक येतील असा अंदाज होता. आले साधारण 50 लाख. ‘सुपरस्टार लिमो’ ही राइड तर वर्षभरातच, 2002 च्या जानेवारीत बंद करावी लागली. 2007 मध्ये कंपनीने दुरुस्तीसाठी 1.1 अब्ज डॉलर जाहीर केले. एवढ्या पैशात केलं काय? सूर्य काढला. प्रवेशद्वाराशी 1920 च्या दशकातलं लॉस एंजेलिस उभं केलं. आणि 12 एकरांवर ‘कार्स लँड’ बांधलं, त्यात 125 फूट उंच दगडी डोंगररांग. ती नुसती शोभेची नाही, तिच्यामुळे पार्कच्या बाहेरचं जग झाकलं जातं. हे सगळं 15 जून 2012 ला खुलं झालं, आणि त्यानंतर हे पार्क म्हणजे चेष्टेचा विषय राहिलं नाही.

बाहेरचं जग झाकणं हा थीमिंगमधला सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सगळ्यात महाग पडणारा भाग. 1955 चं डिस्नेलँड बांधताना भोवती मातीचा उंच बांध घातला आणि त्यावरून आगगाडी फिरवली. आतून अनाहाइम शहर दिसू नये हा हेतू. 2001 च्या नव्या पार्कला असा बांध नव्हता. पॅराडाइज पिअरवर उभं राहिलं की शेजारची हॉटेलं आणि विजेचे खांब दिसायचे. उलट शेजाऱ्यांना राइडचा गोंगाट पोचू नये म्हणून तिथल्या कोस्टरच्या चढावांवर किंकाळ्या अडवणारे बोगदे बसवावे लागले.

याचं गणित शाळेतलं आहे. डोळ्याची उंची दीड मीटर धरा. 10 मीटर अंतरावर 5 मीटर उंचीची दर्शनी भिंत आहे. तिच्या मागे 43 मीटरवर राइडची 20 मीटर उंच पेटी, म्हणजे चाहत्यांच्या भाषेत ‘शो बिल्डिंग’. नजर भिंतीच्या माथ्यावरून जाते तेव्हा दर मीटरला 35 सेंटिमीटर वर चढते. 53 मीटरवर ती पोचते 20 मीटरपर्यंत. पेटी जेमतेम झाकली. आता पाहुणा फोटो काढायला 10 मीटर मागे सरकला. चढ निम्मा झाला, नजर पेटीपर्यंत साडेबारा मीटरवरच पोचते, आणि वरची साडेसात मीटर करडी पत्र्याची भिंत फोटोत येते. म्हणून नकाशावर ‘इमारत झाकली आहे’ असं लिहिलेलं असलं तरी विचारायचं, कुठून बघितल्यावर? चौक जितका ऐसपैस, तितकं झाकणं अवघड.

स्वस्त उपाय म्हणजे झाड, पण पाहुण्याच्या जवळचं. 3 मीटरवर असलेलं 3 मीटर उंच झाड याच हिशेबाने 63 मीटरवरची 33 मीटर उंची झाकतं. इमारतीच्या पायथ्याशी लावलेली रोपं मात्र दहा वर्षं फक्त पायथाच झाकतात. तेवढंही जमत नसेल तिथे मळकट हिरवा-करडा रंग मारतात, ज्याला डिस्नेचे चाहते ‘गो अवे ग्रीन’ म्हणतात. तो झाडीत मिसळतो. मागे निळं आभाळ असेल तर उलट उठून दिसतो.

झाकता येत नाही तेव्हा हुशारीने सामील करून घेता येतं. फ्लोरिडातला ‘टॉवर ऑफ टेरर’ (लिफ्ट कोसळल्याचा थरार देणारी राइड) 1994 चा, उंची 199 फूट. 200 फुटांच्या वर गेला असता तर विमानांसाठी लाल दिवे बसवावे लागले असते, आणि 1930 च्या दशकातल्या झपाटलेल्या हॉटेलच्या डोक्यावर ते कसे दिसले असते! हा टॉवर देशोदेशींचे विभाग असलेल्या शेजारच्या एपकॉट पार्कातून मोरोक्को विभागाच्या मागे दिसतो. म्हणून त्याच्या माथ्याची धाटणी आणि रंग मोरोक्कोच्या इमारतींशी जुळतील असे ठेवले. पुष्कळ लोकांना तो दुसऱ्या पार्कातला आहे हे कळतही नाही. त्याच एपकॉटच्या फ्रान्स विभागाकडून मात्र 1990 मध्ये बांधलेली स्वान आणि डॉल्फिन हॉटेलं छपरावरच्या अवाढव्य हंस-माशांसकट दिसतात. तिथे जुळवून घ्यायचा प्रयत्नच नाही.

शेजार चुकण्याचं गाजलेलं उदाहरण पुन्हा कॅलिफोर्नियातलं. तिथल्या ‘टॉवर ऑफ टेरर’वर 2017 मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या अंतराळातल्या सुपरहिरोंच्या सिनेमाचं कवच चढवलं. जुन्या हॉटेलच्या जागी पाइप, तबकड्या, चकाकणारा धातू. राइड म्हणून ती आधीपेक्षा मजेदार झाली असं म्हणणारे भरपूर आहेत. पण ती उभी होती 1930 च्या हॉलिवूडमध्ये, आणि दिसत होती 1920 च्या रस्त्यावरून. चार वर्षांनी, 4 जून 2021 ला तिच्या पायथ्याशी त्याच सुपरहिरोंच्या जगाचा ‘ॲव्हेंजर्स कॅम्पस’ उघडला आणि इमारतीला निदान स्वतःचं अंगण मिळालं. पायथ्याशी उभं राहिलं तर आता तक्रार उरत नाही. 1920 च्या रस्त्यावरून ती जशी दिसायची तशीच दिसते. तयार सिनेमाची पात्रं आणून बसवण्यावर चाहते सरसकट चिडतात ते मला पटत नाही. पात्रं कुठली यापेक्षा ती कुठे बसवली याला जास्त महत्त्व आहे.

नकली दगडाची भिंत चांगली की सुमार, हे कसं ओळखायचं? ती बनते अशी: लोखंडी सळ्या वाकवून हव्या त्या आकाराचा पिंजरा करतात, त्यावर बारीक जाळी बांधतात, पंपाने सिमेंटचा गिलावा फवारतात. तो धरला की वर कोरण्यासाठीचा दोन-चार सेंटिमीटरचा थर. हा ओला असतो तेवढ्या काही तासांतच करणी, ब्रश, चुरगळलेला फॉइल, रबरी ठसे वापरून भेगा आणि पदर काढायचे. मग रंग: आधी मूळ छटा, तिच्यावर पातळ गडद पाणी जे खाचांमध्ये उतरतं, शेवटी कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट हात, जागोजागी शिंतोडे.

फसतं ते इथे. ठसा एकच आणि घाई असेल तर तीच भेग दर दीड मीटरला पुन्हा दिसते. थर एका दमात न कोरता दोन पाळ्यांत कोरला तर मधे सरळ शिवण राहते. सिमेंट उन्हाने फुगतं-आकसतं म्हणून सांधे ठेवावेच लागतात. चांगला कारागीर ते सांधे दगडाच्या नागमोडी भेगेत लपवतो, सुमार कारागीर पट्टीने आखल्यासारखे सोडतो. आणि पाच-सात वर्षांनी रंग उडतो तेव्हा खरी कसोटी लागते. मूळ तीन-चार थर पुन्हा द्यायला कुशल माणूस हवा आणि दिवस हवेत. देखभालीच्या बजेटात बसतो तो एक डबा, एक रोलर, एक रंग. त्या दिवशी दगडाचं प्लास्टिक होतं. ‘पूर्वी हा भाग किती छान होता’ असं जुने चाहते म्हणतात तेव्हा दर वेळी ते आठवणींत रमलेले नसतात.

देखभालीतल्या मरणाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण पुन्हा ॲनिमल किंगडममधलंच, 2006 ची ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’. हिमालयाची थीम इतकी कसून केलेली राइड शोधून सापडायची नाही. रांगच मुळी आधी परवान्याचं कार्यालय, मग देऊळ, मग यतीचं संग्रहालय अशी सरकत जाते. डोंगर 199.5 फुटांचा, लाल दिव्यांचा नियम इथेही लागू. डोंगर, रुळ आणि आतला यती या तिघांचे सांगाडे एकमेकांपासून वेगळे उभारलेले. तो साधारण 25 फुटी यती गाडीच्या दिशेने झेपावायचा. उघडल्यानंतर काही महिन्यांतच त्याची हालचाल थांबवावी लागली. तेव्हापासून तो थिजलेला, आणि त्याच्यावर लुकलुकणारा दिवा मारून हलल्याचा भास करतात. चाहत्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘डिस्को यती’. गंमत म्हणजे हे सगळं माहीत असूनही ही राइड कोणी वाईट थीमिंगच्या यादीत टाकत नाही. डोंगरापर्यंत पोचेतो पाहुण्याचा विश्वास इतका घट्ट झालेला असतो की शेवटचा एक सेकंद फसला तरी निभावतं. उलट डायनो-रामातल्या राइड व्यवस्थित चालल्या तरी तक्रार राहायचीच.

खेळण्यांवरच्या ‘टॉय स्टोरी’ सिनेमाचे डिस्ने पार्कांतले भाग मधेच कुठेतरी लटकतात. पॅरिसमध्ये 2010, हाँगकाँगमध्ये 2011, फ्लोरिडात 2018. कल्पना अशी की तुम्ही खेळण्याएवढे लहान झालात आणि परसात आलात. तयार राइड, उघडं लोखंड, सगळं ‘खेळणं’ म्हणून खपतं. सबब आहेच, पण खरी माणसं लहान वाटावीत म्हणून गवताची पाती आणि खेळण्यांचे ठोकळे अवाढव्य केले आहेत, त्यामुळे अर्धी तरी किंमत वसूल होते. फ्लोरिडातली तक्रार वेगळीच होती: सावली नाही. परसात मोठी झाडं लावली तर मापाचा भास मोडतो, आणि न लावली तर दुपारी तिथे कोणी थांबत नाही.

आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकात हीच चार तक्रारींची चाळणी लावून बघता येईल. ‘नायट्रो’ हा 2013 चा फ्लोअरलेस (पायाखाली तळ नसलेला) कोस्टर पहिल्या जातीचा आहे: उघडा रुळ, उघडे खांब, गोष्ट नाही. तो आपण थीम केलेला आहे असा आवही आणत नाही, त्यामुळे मला तो डायनो-रामापेक्षा प्रामाणिक वाटतो. ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’मधला राजासॉरस तर खराखुरा भारतीय डायनासोर, नर्मदेच्या खोऱ्यातल्या जीवाश्मांवरून 2003 मध्ये नाव मिळालेला; कल्पनेला पाया आहे, मग बघायची ती कारागिरी आणि देखभाल. बघताना राइडकडे तोंड करून उभे राहू नका, डिझायनरने तो कोन सांभाळलेलाच असतो. चौकाच्या पार टोकाला जा आणि छपरांची रेघ बघा. पायाखालची फरशी दोन भागांच्या सीमेवर बदलते का ते बघा. सीमेवर उभं राहून डोळे मिटा. दोन गाणी एकमेकांत मिसळत असतील तर स्पीकरचं नियोजन फसलंय. रांगेत हाताच्या उंचीवरचा रंग तपासा, कारण तिथे रोज हजारो हात घासतात आणि देखभाल ढिली असेल तर खालचं पांढरं प्लास्टर किंवा फायबर सगळ्यात आधी तिथेच उघडं पडतं. आणि लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या उंचीवर एकदा वाका. मोठ्यांच्या नजरेसाठी केलेली सजावट बऱ्याचदा कमरेशी संपते, आणि खाली उरतात त्या केबल आणि नळ.